पुढच्या दोन-तीन वर्षांत फोनचा डिस्प्ले कसा असेल? आणि तो उन्हात दिसेल का?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी,

घरात दोन फोन घ्यायचे आहेत, एक मला आणि एक वडिलांना. घाई नाही, म्हणून महिनाभर येणाऱ्या फोनांच्या बातम्या वाचतोय. जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय. फोल्डेबल, म्हणजे घडीचा, आयफोन २०२६ मध्ये येणार म्हणतात. स्क्रीनमधलं कॅमेऱ्याचं भोक जाणार म्हणतात. २०२७ मध्ये आयफोनला वीस वर्षं होतील, तेव्हा चारही बाजूंनी काच वळवलेला, कुठेही काठ न दिसणारा फोन येईल अशीही चर्चा आहे.

माझा अंदाज असा, की घडीचे फोन पाच वर्षांतही आपल्या खिशाला परवडणार नाहीत, पण भोक मात्र दोन वर्षांत जाईल. तुमचे अंदाज सांगा.

आणि एक गोष्ट, जिच्यावर या बातम्यांत कुणीच बोलत नाही. ऊन. आमचं शेत अंबडजवळ आहे. वडील ई-पीक पाहणी स्वतः करतात. गटात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर चढवायचा. दुपारी बांधावर उभं राहिलं की त्यांना स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही. मग ते डोक्यावरची टोपी काढून फोनवर धरतात आणि त्या सावलीत वाकून बटण शोधतात. हे बघितलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. चौसष्ट वर्षांच्या माणसाला स्वतःच्या शेतात उघड्या डोक्यानं उन्हात उभं राहावं लागतं. येणाऱ्या फोनांत यावर काही होणार आहे का?

सोनसळी

भोक जाणारच! ॲपलला वाढदिवस साजरे करायला आवडतात. २०१७ मध्ये आयफोनला दहा वर्षं झाली तेव्हा नऊ आकडा गाळून थेट आयफोन टेन आणला. होम बटण गेलं, प्रत्येक ठिपका स्वतः उजळणारी ओलेड स्क्रीन आली, ४५८ पीपीआय, म्हणजे इंचाला तेवढे पिक्सेल. मग २०२२ ला चौदा प्रोमध्ये स्क्रीनच्या वरच्या काठातली कॅमेऱ्याची खाच जाऊन डायनॅमिक आयलंड, म्हणजे गोळीच्या आकाराचं भोक, आलं. २०१७, २०२२ आणि आता २०२७. मी तर थांबणार आहे. माझा अकरा अजून दोन वर्षं सहज ओढेन.

झुळूक

वाचतेय. टोपीचं वाचून डोळ्यांसमोर माझे आजोबा आले.

टेकडीवरचा

@सोनसळी, खाच ॲपलनं पहिल्यांदा आणली असं वाटत असेल तर तसं नाही. २०१७ च्या मे महिन्यात इसेन्शियल फोन जाहीर झाला, त्यात ती होती. त्याच्याही आधी २०१६ ला शाओमीचा मी मिक्स आला होता, कॅमेरा खाली हनुवटीत ढकलून वरचा काठ जवळजवळ नाहीसा केलेला.

भोक घालवायचे प्रयत्नही होऊन गेलेत. २०१८ ला ओप्पो फाइंड एक्सचा सरकता कॅमेरा, त्याच वर्षी विवो नेक्सचा वर येणारा, २०१९ ला वनप्लस ७ प्रो. शेवटचा मी तीन वर्षं वापरला. स्क्रीन अशी अखंड, की सिनेमा लावला की हातात फक्त चित्र आहे असं वाटायचं. तो अजून कपाटात आहे, कधीमधी चार्ज करून बघतो. पण ती मोटर जागा खाते, तिच्या फटीतून धूळ आणि पाणी आत जायची भीती, म्हणून सगळ्यांनी ती वाट सोडली. लोकांना भोक खरोखर सलत असतं तर हे फोन धो धो खपले असते. माझं मत, भोकाची सवय झाली आहे आणि ते अजून पाच वर्षं तरी राहील.

सोनसळी

पण तो पॉप-अप होता. मी पडद्याखालच्या कॅमेऱ्याबद्दल बोलतेय, त्याला मोटर लागत नाही.

दूरदेशी

मी कोरियात आसानजवळ राहतो, डिस्प्लेच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनिअर आहे. कारखान्याच्या आतलं काही सांगणार नाही, जे जगजाहीर आहे तेवढ्यावरच बोलतो.

पडद्याखालचा कॅमेरा २०२० मध्येच आला, झेडटीई ॲक्सन २० मध्ये. २०२१ ला सॅमसंगनं फोल्ड ३ या घडीच्या फोनच्या आतल्या स्क्रीनखाली ४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ठेवला. अडचण अशी की कॅमेऱ्यापर्यंत प्रकाश पोचायचा तर त्याच्यावरचे पिक्सेल विरळ करावे लागतात आणि मधल्या तारा पारदर्शक. एवढं करूनही प्रकाश त्या जाळीतून येताना विखुरतो. पातळ पडद्याआडून दिवा बघितला की त्याला कसे फराटे फुटतात, तसं होतं. चेहरा धुरकट येतो. मग सॉफ्टवेअरनं तो धुवून काढावा लागतो. फोल्ड ३ पासून ६ पर्यंत हा प्रयोग चालला आणि २०२५ मध्ये फोल्ड ७ ला पुन्हा साधं भोक आलं, १० मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासह. म्हणजे ज्यांना सगळ्यात जास्त जमत होतं, तेच एक पाऊल मागे आले.

म्हणून माझा अंदाज: आधी चेहरा ओळखणारे इन्फ्रारेड सेन्सर खाली जातील. त्यांना सुंदर फोटो काढायचा नसतो, ठिपक्यांचा नकाशा मिळाला की काम झालं. सेल्फी कॅमेरा सगळ्यात शेवटी. भोक लहान होत जाईल, एकदम जाणार नाही.

पाऊलवाट, तुमच्या उन्हाच्या प्रश्नावर सविस्तर लिहायचं आहे. शिफ्ट संपली की लिहितो.

काचवाला

राम राम. इचलकरंजीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, चौदा वर्षं झाली.

आमच्या धंद्यात डिस्प्ले, टच आणि काच मिळून जो संच येतो त्याला ‘फोल्डर’ म्हणतात. परवा एक पोरगं आलं, म्हणालं, ‘काका, फोल्डर गेलाय.’ मी म्हटलं आण, बदलतो. बघतो तर खराच घडीचा फोन! दोघंही हसलो. मग त्याला सांगितलं, बाळा, याला मी हात लावत नाही, थेट कंपनीच्या सेंटरला जा.

आधी काच आणि टच वेगळा असायचा, डिस्प्ले वेगळा. काच फुटली तर थोडक्यात काम व्हायचं. आता सगळं एकात एक चिकटवलेलं. काच वेगळी काढायची तर फोन गरम प्लेटवर ठेवायचा, मऊ झालेल्या गोंदातून बारीक तार करवतीसारखी ओढायची, जुना गोंद पुसायचा, नवा ओसीए, म्हणजे पारदर्शक गोंदाचा थर, लावून काच बसवायची, मग मशीनमध्ये बुडबुडे काढायचे. काच सपाट असेल तर हे जमतं. कड वळलेली असली की तार तिथंच अडकते आणि आतला ओलेड कागदासारखा टरकतो. माझे असे किती गेलेत ते मीच जाणतो.

गेल्या महिन्यात एक ताई बावीस हजारांचा फोन घेऊन आल्या. फक्त काच तडकली होती, पण वळलेली. ओरिजिनल फोल्डर नऊ हजार. त्यांनी दोनदा विचारलं, ‘दादा, नुसती काच नाही का बदलता येत?’ नाही येत. त्या तशाच वरून टेप लावून घेऊन गेल्या.

म्हणून चारही बाजूंनी वळलेल्या काचेचं कौतुक वाचलं की माझ्या पोटात गोळा येतो. २०१४ ला सॅमसंगच्या नोट एजपासून ही वळणं सुरू झाली आणि दहा वर्षांनी त्यांचाच एस २४ अल्ट्रा पुन्हा सपाट झाला तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. पडद्याचं पुढचं पाऊल कोणतं विचाराल तर माझ्या लेखी एकच, तो सुटा करून बदलता यावा.

टेकडीवरचा

+१००. काका, तो शेवटचा परिच्छेद फ्रेम करून लावायला हवा.

अर्धविराम

मी मुद्रितशोधक आहे, रात्री अंथरुणात फोनवर पीडीएफ प्रुफं तपासते. माझे दोन मुद्दे.

पहिला, डोकेदुखीचा. जुना एलसीडीवाला फोन होता तोवर काही त्रास नव्हता. ओलेड घेतला आणि अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागायचं. चष्म्याचा नंबर तपासला, काही नाही. नंतर कळलं, की कमी उजेडावर बरेच ओलेड पडदे मंद होत नाहीत तर वेगानं उघडझाप करतात, काही सेकंदाला २४० वेळा. डोळ्याला दिसत नाही पण माझ्यासारख्यांना बाधतं. अंधाऱ्या खोलीत ब्राइटनेस कमी करून त्या स्क्रीनकडे दुसऱ्या फोनच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून बघा, आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. ऑनरसारख्या कंपन्या हा वेग ३८४०, ४३२० पर्यंत नेतात, आणि काही फोनांत डीसी डिमिंग असतं, म्हणजे उघडझाप टाळून वीजच कमी-जास्त करतात. जाहिरातीत निट्सचे, म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचे, आकडे मोठ्या अक्षरात असतात, हा आकडा मात्र शोधावा लागतो. तो ठळक छापला गेला पाहिजे.

दुसरा मुद्दा देवनागरीचा, आणि तो मला फार जवळचा आहे. रोमनमध्ये सगळं एका ओळीत चालतं. आपल्याकडे शिरोरेषेवर अनुस्वार, रफार, वेलांटी, खाली उकार, ऋकार. लहान टायपात सगळी बारीक कामं तिथंच. ‘वंश’मधला तो ठिपका शिरोरेषेत मिसळला की ‘वश’ होतो. माझ्या धंद्यात ही चूक माफ नसते. हा नवा फोन जुन्याइतक्याच रिझोल्यूशनचा आहे, तरी अनुस्वार जुन्यावर जास्त सुटा दिसायचा. माझा भास आहे का हा? कुणी जाणकार सांगेल का?

दूरदेशी

@अर्धविराम, भास नाही. एलसीडीत प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल असतात. फोनच्या बहुतेक ओलेडमध्ये हिरवे पूर्ण संख्येने असतात, पण लाल आणि निळे निम्मेच. कागदावर रिझोल्यूशन तेवढंच, प्रत्यक्षात तीनाऐवजी दोनच ठिपके. बारीक गोष्टींच्या कडा त्यामुळे किंचित रंगीत आणि मऊ होतात. फोटोत कळत नाही, अनुस्वारात कळतं. जास्त पीपीआयचा पडदा घेतलात तर फरक जवळजवळ मिटतो. सेटिंगमध्ये क्यूएचडी, म्हणजे जास्त रिझोल्यूशनचा पर्याय, असेल तर ते चालू करून बघा, बऱ्याच फोनांत ते मुळात बंद असतं.

आता ऊन. उन्हात स्क्रीन दिसत नाही याचं कारण स्क्रीन मंद आहे एवढंच नसतं. काचेवरचं प्रतिबिंब तिच्यावर मात करतं. साध्या काचेवरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. आता हिशेब बघा. भर दुपारचं ऊन म्हणजे सुमारे एक लाख लक्स (लक्स हे पडणाऱ्या उजेडाचं माप). त्यात उभ्या माणसाचा पांढरा सदरा साधारण २५,००० निट्सपर्यंत चमकू शकतो. त्याचे ४ टक्के म्हणजे १,००० निट्स. फोन तोंडासमोर धरला की काचेत तोच सदरा उमटतो. तुमच्या वडिलांच्या फोनची स्क्रीन ५००-६०० निट्सची असेल तर सदरा जिंकणार.

कंपन्या यावर निट्स वाढवून उत्तर देतात. २०२५ च्या आयफोन १७ ला उन्हात ३,००० निट्स लिहिलंय. पण असे आकडे टोकाचे असतात. सगळी स्क्रीन पांढरी असताना तेवढे मिळतीलच असं नाही, आणि उष्णता वाढली की फोन स्वतःच उजेड उतरवतो. ॲपल आपले फोन ० ते ३५ अंशांत वापरा असं सांगते. मराठवाड्याच्या मे महिन्याला काय सांगणार! शिवाय ओलेडमधला निळा रंग सगळ्यात आधी दमतो, त्याला जितकं जाळाल तितकं आयुष्य कमी. त्यावर दोन प्रकाशथर एकावर एक ठेवून भार वाटून घ्यायची युक्ती आहे, २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये ती आली. फोनांत ती सर्रास यावी असं मला मनापासून वाटतं.

दुसरा रस्ता प्रतिबिंब कमी करण्याचा, आणि माझ्या मते खरं काम तिथं आहे. एस २४ अल्ट्राच्या काचेनं प्रतिबिंब ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं असं काच बनवणाऱ्या कॉर्निंगचं म्हणणं आहे. म्हणजे तो १,००० निट्सचा सदरा २५० वर येतो. एक थेंबही जास्त बॅटरी न जाळता! आणखी एक, ओलेडच्या आत पोलरायझर नावाचा एक प्रकाश गाळणारा थर असतो. तो आतल्या धातूची चमक मारतो, पण स्वतःच्या पडद्याचा निम्म्याहून जास्त प्रकाशही गिळतो. फोल्ड ३ मध्ये २०२१ ला तो काढून त्याचं काम रंगाच्या फिल्टरवर सोपवलं आणि ३३ टक्के जास्त प्रकाश बाहेर आला. हे दोन्ही जेव्हा वीस हजारांच्या फोनात येईल, तेव्हा मी म्हणेन डिस्प्ले पुढे गेला.

तोवर एक करून बघा. वडिलांना गडद कपडा घालून फोन बघायला सांगा. आणि स्क्रीनवर स्वस्तातली टेम्पर्ड काच चिकटवली असेल तर ती काढून बघा, तिच्याखाली हवेची फट राहिली असेल तर प्रतिबिंब आणखी वाढतं.

झुळूक

काय सुंदर समजावलंय! पांढऱ्या सदऱ्याचा हिशेब मी आयुष्यात विसरणार नाही.

उन्हाचाच विषय आहे तर ई-इंकबद्दल, म्हणजे किंडलसारख्या कागदी दिसणाऱ्या पडद्याबद्दल, कुणीच कसं बोललं नाही? त्याला स्वतःचा उजेड लागतच नाही, ऊन जितकं कडक तितकं अक्षर स्वच्छ. २०१३ मध्ये रशियाच्या योटाफोननं पुढे नेहमीची स्क्रीन आणि पाठीवर ई-इंक असा फोन काढला होता. मला ती कल्पना आजही सगळ्यात शहाणी वाटते. पाठीकडे सातबारा, तिकीट, नकाशा उघडून ठेवायचा आणि बॅटरी सात टक्के असली तरी निवांत.

टेकडीवरचा

कल्पना छान, पण ई-इंकवर कॅमेऱ्याचं चित्र चालत नाही, पान बदलायलाच क्षणभर लागतो. पीक पाहणीला तर कॅमेराच हवा.

गोदाकाठ

घडीच्या फोनबद्दल लिहितो, कारण मी दीड वर्ष वापरतोय. कंपनीचं नाव घेत नाही.

चांगलं आधी. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. फोन अर्धा दुमडून पेटीवर उभा करतो, वरच्या अर्ध्यात नोटेशनची वही, खालच्या अर्ध्यात तानपुरा. दुसरा कुठलाही फोन हे इतकं सहज करत नाही. संध्याकाळी वर्तमानपत्राचं अख्खं पान वाचतो. मधली घडी पहिल्या आठवड्यानंतर दिसतच नाही, बोटाला मात्र कायम लागते.

आता वाईट. आतल्या पडद्यावर कंपनीची एक प्लास्टिकची फिल्म असते. चौदाव्या महिन्यात ती बरोबर घडीवर उचलली गेली, मुगाच्या डाळीएवढा बुडबुडा. रोज थोडा लांबत गेला. सेंटरमध्ये म्हणाले फिल्म बदलताना पडदा गेला तर जबाबदारी तुमची. मी दोन रात्री नीट झोपलो नाही. शेवटी बदलली, वाचला. पण दीड लाखाच्या वस्तूबद्दल माणसाला अशी सही करायला लावणं बरोबर नाही.

सोनसळी

बाप रे! ती फिल्म आपण काढली तर?

दूरदेशी

काढू नका! २०१९ च्या एप्रिलमध्ये पहिल्या गॅलेक्सी फोल्डच्या परीक्षकांपैकी काहींनी ती साधा स्क्रीन गार्ड समजून सोलली आणि पडदे गेले. विक्रीच सप्टेंबरपर्यंत पुढे ढकलली गेली. २०२० च्या झेड फ्लिपपासून खाली खरी काच आहे, पण ३० मायक्रॉनची, केसाच्या निम्म्याहून पातळ. वरची फिल्म हेच तिचं चिलखत.

तरी इतक्या वर्षांत हे जिथं पोचलंय त्याचं मला कौतुक आहे. फोल्ड ७ उघडल्यावर ४.२ मिलिमीटर, हुआवेचा तीन भागांत दुमडणारा मेट एक्सटी ३.६ मिलिमीटर. हातात घेतलं की विश्वास बसत नाही.

काचवाला

मिलिमीटर कमी झाल्यानं माझ्या गिऱ्हाइकाचा काय फायदा? इतका पातळ झाला की बॅटरी लहान, आणि खिशात वाकला की पडदा आधी जातो. हातात नीट धरता येईल एवढा जाड फोन बनवा आणि उरलेल्या जागेत बॅटरी भरा.

आजीचा नातू

इथं तज्ज्ञ मंडळी आहेत म्हणून एक विचारतो. आजीसाठी अक्षर सगळ्यात मोठं केलं की काही ॲपमध्ये ओळीची उंची तीच राहते आणि वरची वेलांटी अर्धी कापली जाते. ‘की’ आणि ‘कि’ ती अंदाजानं वाचते. हा डिस्प्लेचा दोष की ॲपचा?

अर्धविराम

ॲपचा. ओळीची उंची रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून ठरवलेली असते. ज्या ज्या ॲपमध्ये दिसेल तिथं तक्रार नोंदवा, स्क्रीनशॉटसकट. मी आतापर्यंत चार ठिकाणी नोंदवली, एकानं दुरुस्त केलं. पडदा कितीही भारी येवो, वेलांटी कापली जाणार असेल तर आपल्या आज्यांना त्याचा उपयोग नाही.

आजीचा नातू

आजच करतो. धन्यवाद ताई.

पाऊलवाट

मंडळी, चार दिवस शेतावर होतो म्हणून उशीर. दूरदेशी, तुम्ही सांगितलेला प्रयोग केला.

मंगळवारी दुपारी साडेबारा, ऑक्टोबरचं ऊन, कापसाला पहिली वेचणी चालू. वडील नेहमीच्या पांढऱ्या सदऱ्यात, टोपी डोक्यावरच ठेवायला सांगितली. आधी त्यांचा फोन होता तसा दिला. स्क्रीनवर फक्त सदऱ्याची गुंडी आणि त्यांची स्वतःची हनुवटी. मग त्यावरची नव्वद रुपयांची टेम्पर्ड काच काढली, कडेनं धूळ शिरली होती आणि मधे हवाच होती. थोडा फरक पडला, मोठी अक्षरं कळली. मग आईनं वेचणीला बांधलेलं काळं-निळं लुगड्याचं पटकूर सोडून त्यांच्या छातीवर टाकलं. वडील म्हणाले, ‘आरं, दिसतंय की सगळं! हे काय केलंस?’ अक्षांश-रेखांशाचे आकडेसुद्धा वाचून दाखवले त्यांनी. आकाशाचा भाग वर उजळ राहतो, तिथं अजून अडचण आहे, पण फोन जरा खाली झुकवला की चालतं.

नंतर चुलतभावाचा परावर्तन कमी असलेला फोन तिथंच धरून बघितला. त्यात सदरा पांढरा असूनही दिसत होता, एक काळपट छाया फक्त. दोन्ही फोन शेजारी धरले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की मी महिनाभर चुकीच्या बातम्या वाचत होतो.

तर माझा विचार बदलला. मी भोकासाठी थांबणार नाही आणि घडीसाठीही नाही. वडिलांना सपाट काचेचा फोन घेणार, काचवाले काकांचं ऐकून, आणि दुकानात घेण्याआधी तो बाहेर रस्त्यावर उन्हात नेऊन बघणार. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान. परावर्तन कमी करणारी काच तीस हजारांच्या आतल्या कुठल्या फोनात आहे हे कुणाला खात्रीनं माहीत असेल तर कृपया लिहा.

काचवाला

बाहेर नेऊन बघायला माझ्या दुकानात या. दाराबाहेरच ऊन आहे.

पाऊलवाट

काका, इचलकरंजी लांब पडतं, पण एकदा येणार नक्की. आणि हो, आईचं पटकूर वडील आता परत द्यायला तयार नाहीत. काल ते घडी करून फोनच्या पिशवीत ठेवलं त्यांनी.